मुकादमाची खुशाली

४ ऑक्टोबर

चि. धाकल्यास,
अ. आ.

तुझ्या घरी राहायला येऊन मला आज दोन आठवडे झाले. फोनवर मला ऐकू येत नाही आणि त्याच्या पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे पत्र. पोचायला चार दिवस लागतील. तोवर बातमी शिळी होईल, पण तुमच्या मुकादमाचं वागणं काही बदलायचं नाही.

कुत्रा सांभाळायला म्हणून मला इथे ठेवलंस, पण देखरेख तोच माझ्यावर करतो. भांडी घासताना मागे बसून बघतो. चौदा वर्षांचा म्हातारा, मागचे पाय लटपटतात, तरी माझ्या आधी खुर्ची पटकावतो आणि मी आपली स्टुलावर. गोळी खाण्यात दडवून दिली, तर बशी चाटूनपुसून साफ आणि गोळी तेवढी काठावर ठेवलेली! तुझ्या मास्तरीणबाईंना सांग, शाळेतल्या पोरांना गणितं घालता तशी याला थोडी शिस्त लावली असती तर बरं झालं असतं.

खरं सांगू? बाइंडिंगचा कारखाना बंद झाल्यापासून माझ्या त्या एका खोलीत दिवसचे दिवस कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही. चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, तेव्हा आजूबाजूला दहा बायकांचा कलकलाट असायचा. इथे निदान भांडायला कुणीतरी आहे.

मास्तरीणबाईंच्या पाठीच्या ऑपरेशनची तारीख कळव. काळजी करायला मी इकडे रिकामीच आहे, तुम्ही तिकडे करू नका.

माया आहेच, ती कागदावर किती लिहू?

अक्का


८ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. गोळीचं ऐकून इतकी हसली की काय झालं म्हणून नर्स बघायला आली.

ऑपरेशन बारा तारखेला सकाळी आहे. नंतर महिनाभर हिला उताणं निजून राहायचं आहे. स्वतःच्या पाठीबद्दल ही डॉक्टरांना काही विचारत नाही, मला मात्र रोज विचारते, की जिना उतरताना अक्का मुकादमाला उचलून घेतात ना? शाळेतून आल्यावर दिवसभराचं सगळं ही आधी त्याला सांगते. मला उरलंसुरलं मिळतं. त्याची मला सवय झाली आहे.

तू तक्रारी लिहीत जा. औषधापेक्षा त्यांचा गुण जास्त येतो.

तुझ्या लोभाची इकडे फार गरज आहे, तो धाडत राहा.

तुझा,
धाकल्या


१३ ऑक्टोबर

चि. धाकल्यास,
अ. आ.

काल जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंनी तुला फोन लावला, तेव्हा तू दोनच वाक्यं बोललास. ती त्यांनी मला कागदावर लिहून दिली: अक्काला योग्य वाटेल ते करू द्या. हिला इतक्यात काही कळवू नका. तो कागद माझ्यापाशी आहे. आता सगळं सविस्तर लिहिते.

मुकादम काल दुपारी गेला. खालच्या मजल्यावरची शिवणवाली आणि मी त्याला चादरीत गुंडाळून टॅक्सीने नेलं. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, की हृदय थांबलं, वय झालं होतं. मग विचारलं, की अशा वेळी काय करायचं ते मालकांनी सांगून ठेवलंय का? मला काय ठाऊक! तुम्हीही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांनी नीट समजावलं. मालक तीन-चार दिवसांत येणार असतील तर थंड पेटीत ठेवता येतं. नाहीतर नगरपालिकेची दाहिनी आहे, किंवा कुणी जागा देत असेल तर खोल पुरायचं.

तुम्ही महिनाभर येणार नाही, म्हणून पेटी बाद झाली. दाहिनी मला नको वाटली. तिला येऊन उभं राहायला कुठेतरी जागा हवी. आपल्या इमारतीमागच्या रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारलं. मुकादम त्याच्या ओळखीचाच होता. त्याने कुंपणालगत कमरेइतकं खोल खणून दिलं आणि वर सपाट दगड ठेवला.

बाईंनी बजावलं होतं, की पट्टा काढून ठेवा, थोडे केस कापून घ्या, एक फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. दूर असलेली माणसं नंतर हेच विचारतात. फोटो शिवणवालीने काढला. बाकीचं मी केलं. जन्मभर कात्री चालवली, पण मानेवरचे केस कापायला ती तीनदा खाली ठेवली. पट्टा धुतलेला नाही, त्याला त्याचा वास आहे.

झोपेतच गेला. त्रास झाला नाही.

तिला तू सांग. माझ्याने लिहवत नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

अक्का


१७ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर हिने पाणी मागितलं आणि लगेच मुकादमाचं विचारलं. मजेत आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. आता ते मागे कसं घेऊ?

सांगायला डॉक्टरांची मनाई आहे, अशी सबब मी तुला देणार नाही. मनाई नाही. मलाच हिंमत होत नाही. म्हणून एक मागतो. तू आत्ताच तुझ्या खोलीवर परत जाऊ नकोस. पत्रावरचा पत्ता बदलला की ही विचारेल. तिथेच राहा आणि तिला पहिल्यासारखं एक पत्र लिही. मुकादमाची खुशाली कळव.

तुझ्याकडे असं काही मागतो आहे, तरी लोभ तुटू देऊ नकोस.

तुझा,
धाकल्या


२१ ऑक्टोबर

चि. सौ. मास्तरणीस,
अ. आ.

तुझी पाठ सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे मुकादम ठीक आहे. वेळेवर जेवतो. गोळी निमूट घेतो. आपल्या गोधडीवर झोपतो. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. तू निवांत राहा.

आठवण ठेव.

अक्का


२१ ऑक्टोबर

चि. धाकल्यास,
अ. आ.

तिला पत्र लिहिलं. पाच ओळींना सगळी सकाळ गेली. दुसरं मागू नकोस.

संध्याकाळी पाच वाजले की मी चपला घालते. एकटीच जिना उतरते, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जाते, तिथे थोडी थांबते आणि परत फिरते. काल माळ्याने हात केला, मी वळून आले. त्याच्याशी बोलायचं तर काय बोलणार? खाणं अजून दोघांचंच शिजतं. खुर्ची मोकळी आहे, पण मी स्टुलावरच बसते.

माझ्या खोलीतही मी एकटीच असते, पण तिथे कुणाची वाट बघत नाही.

कळव काय ते. माया आहे, रागही आहे.

अक्का


२६ ऑक्टोबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पेन्सिलीने लिहिते आहे. उताणं निजून पेन चालत नाही. अक्षर लावून घ्या.

मुकादम गोळी निमूट घेतो आणि आपल्या गोधडीवर झोपतो, हे वाचलं आणि मला कळलं. ह्यांना विचारलं तर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग तुमचं तेरा तारखेचं पत्र हातात दिलं. मी ते तीनदा वाचलं. तुम्ही जागा निवडलीत, केस ठेवलेत. मी तिथे असते तर मला यातलं काही सुचलं नसतं.

पण वन्सं, त्या पत्रात टॅक्सी आहे, माळी आहे, खड्ड्याची खोली आहे, आणि तो गेला त्याबद्दल दोन तोकडी वाक्यं. मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं की माझ्या नजरेतून सुटत नाही. दुपारी काय झालं?

जे असेल ते लिहा. लोभ त्यावर अवलंबून नाही.

तुमची,
मास्तरीण


३१ ऑक्टोबर

चि. सौ. मास्तरणीस,
अ. आ.

लिहिते.

त्या दिवशी जेवून दोन वाजता मी आतल्या खोलीत आडवी झाले. कानातलं यंत्र काढून ठेवलं, ते निजताना टोचतं. दार लावून घेतलं, कारण मुकादम पलंगावर चढायला बघतो आणि पडतो.

पुढचं शिवणवालीकडून कळलं. तीनच्या सुमारास तिला वरून त्याचं कण्हणं ऐकू आलं, फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला. ती वर आली. बेल वाजवली, दार ठोठावलं, मला हाका मारल्या. किल्ली तिच्याकडे नव्हती. पाऊण तास ती दाराबाहेर आणि तो माझ्या खोलीबाहेर. मी चारला उठले. दार उघडलं तर तो उंबऱ्याशी पडलेला, नाक दाराच्या फटीकडे. अंग अजून कोमट होतं. बाहेरचं दार उघडलं तर शिवणवाली पायरीवर बसलेली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तो झोपेत गेला असं मी लिहिलं. झोपेत मी होते.

तुम्ही यायच्या आदल्या दिवशी किल्ल्या तिच्याकडे ठेवून मी निघेन. पट्टा, केस आणि फोटो तुझ्या टेबलाच्या खणात आहेत.

लोभ मागायला तोंड नाही.

अक्का


५ नोव्हेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

काल तुमचं पत्र आलं. राग आला, खोटं कशाला सांगू? दार का लावून घेतलंत, हेच डोक्यात फिरत राहिलं. कालचं जेवण परत पाठवलं. रोज दुपारी तो त्या घरात एकटाच असायचा, आणि मी शाळेत फळ्यासमोर उभी असायचे, हेही मग मनात आलं. त्या दिवशी निदान दारापलीकडे कुणीतरी होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. एवढा विचार करूनही राग सगळा गेलेला नाही.

आम्ही वीस तारखेला दुपारी पोचतो. तुम्ही निघून जाऊ नका. मला तुमच्यावर रागवायचं आहे, आणि ते पत्रातून जमत नाही, समोर बसून रागवायचं आहे. मग मला रडायचं आहे. ह्यांच्यासमोर रडले की हे खिडकीपाशी जातात. तुम्ही तिथेच बसून राहाल.

नंतर दोघी मिळून कुंपणापर्यंत जाऊ. मला सावकाश चालावं लागेल, हात धरावा लागेल.

लोभ आहे म्हणून तर रागावते.

तुमची,
मास्तरीण