बाबांच्या तलवारीचं टोक

प्रिय आई,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे. गुरुजींकडे थंड पाण्यात तलवारींची पाती घासून हातांना पडलेल्या भेगाही भरत आल्यात. तुझा खोकला कसा आहे?

बाबांनी पाठवलेली तलवार काल गुरुजींनी दिव्याखाली धरली. टोक कधी मोडलं असेल आणि नव्याने घासलं असेल, तर तिथली कडक धार नाहीशी होते. मग तलवार मेलीच म्हणायची. आपल्या तलवारीचं असंच झालंय, हेच तर तोमोहारूकाका गावभर सांगत फिरतात. मी दिव्याची वात वाढवली.

"टोक मूळचंच आहे," गुरुजी म्हणाले. "पॉलिशचं मात्र वाटोळं झालंय. हिला पुसतं कोण?"

"बाबा. सकाळ-संध्याकाळ, दगडाची पूड लावून."

"अरे, वर्षातून दोनदा पुरे. एवढं प्रेम बायकोवर केलं असतं, तर तीही झिजली असती."

गुरुजी स्वतः पॉलिश करून देणार आहेत. अट एकच, बाबांच्या हाती पूड लागता कामा नये.

काकांना टोकाचं आजच कळव. आणि पुडीची डबी भांडी घासायच्या मोरीत ठेव. तिथे बाबा जन्मात फिरकायचे नाहीत.

तुझा,
शुन्गो