डिस्क पुसण्याआधीची ओळ

सर, आज जळगावात मेहरूणला वाचनालयाच्या खोलीत पंधरा माणसांसमोर मी तुमची गोष्ट सांगून टाकली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागवायला येणार नाही, म्हणून धीर झाला असं समजा.

फुकट मिळणाऱ्या आणि कोणालाही दुरुस्त करता येणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी मदतपुस्तिका सुधारायला माणसं हवी होती, म्हणून मी सगळ्यांना बोलावलं. आली, चहा प्यायली, पण पान अंगावर घ्यायला कोणी पुढे येईना. बोदवडची एक शिक्षिका म्हणाली, "मॅडम, आम्ही नुसतं वापरतो. आमचं लिहिलेलं चुकलं तर लोक नावं ठेवतील." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग मला धुळ्याच्या तुमच्या प्रयोगशाळेची गोष्ट काढावीच लागली.

नव्वदीची अखेर. भौतिकशास्त्राच्या खोलीत एकच कॉम्प्युटर आणि मासिकाबरोबर आलेली, तसल्याच फुकट सॉफ्टवेअरची, म्हणजे लिनक्सची सीडी. ती मशीनवर चढवणं कॉलेजात मला एकटीला यायचं, त्यामुळे माझा तोरा काय विचारता. तुम्ही साक्रीकडचे, खुशीत आलात की अहिराणीवर यायचात. "बठ्ठं लिखी ठेव. तुले माहीत शे, दुसराले कसं समजी?" मी सगळ्या पायऱ्या सुबक अक्षरात लिहून दिल्या. शनिवारी तुम्ही एकटे बसता, माझा कागद शेजारी ठेवून एकेक पायरी करता आणि सातव्या पायरीला अख्खी डिस्क पुसली जाते. तिच्यावर तुम्ही दोन वर्षं खपून टाइप केलेलं प्रात्यक्षिकांचं मराठी पुस्तक होतं. आधी सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्या, एवढी एक ओळ माझ्या कागदात नव्हती.

सोमवारी मी पाय ओढत आले. आता आपली काही खैर नाही असंच वाटत होतं. तुम्ही कागद पुढे केलात. सहाव्या आणि सातव्या पायरीच्या मध्ये तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आधी आपलं सामान बाहेर काढा. मी काढलं नव्हतं.' माझं नाव कुठेच नाही. म्हणालात, "याच्या प्रती काढ आणि जळगावच्या पोरांना पाठव. त्यांचं तरी वाचेल." मला रडू फुटलं, तर तुम्ही उगाच खिडकी उघडायला गेलात. पुस्तक पुन्हा लिहायला घेतलंत आणि अर्ध्यावर टाकून गेलात. ते मला फार लागलं, सर. अजून लागतं.

आज हे ऐकल्यावर ती शिक्षिका म्हणाली, "मग पुस्तिकेत तुम्ही लिहिलेल्या पानावर मी कुठे अडकले ते सांगू का?" आणि तिने माझ्या तीन चुका दाखवल्या. मग एकेकाला कंठ फुटला. निघेपर्यंत सात जणांनी एकेक पान अंगावर घेतलं. घरी येताना इतकं हायसं वाटलं की रिक्षा सोडून तलावाकाठाने चालत आले.

हे काही टपालात पडायचं नाही, म्हणून आणखी एक सांगते. तुम्ही जन्मभर समजलात, पोरीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शिकताना मावसभावाच्या दुकानातल्या मशीनची डिस्क मी अशीच पुसून बसले होते. ती ओळ लिहिली असती तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं कळलं? म्हणून मी ती गाळली.