कोपरा न फाडलेलं पत्र

अण्णा, आज कपाट आवरताना तुमचं भिंग हाती आलं आणि आवरणं तिथंच राहिलं. पितळी कड काळी पडली आहे, दांडा जरा सैल झाला आहे, पण काच अजून स्वच्छ आहे. गावचं टपाल वाटताना घामानं, चिखलानं पुसट झालेले पत्ते तुम्ही यातून वाचायचात. मी विलायतेला निघाले त्या दिवशी कर्जतच्या स्टँडवर आई रडत होती आणि तुम्ही कंडक्टरच्या मागे लागला होतात, ट्रंक टपावर नीट बांध म्हणून. जसं काही मी नव्हे, तुमचं एखादं रजिस्टर पार्सलच चाललं होतं. मग गाडी सुटता सुटता रुमालात गुंडाळलेलं हे भिंग खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलंत आणि म्हणालात, "त्या सायबाचं अक्षर लागलं न्हाई, तर हे हाय."

तो साहेब म्हणजे शंभरएक वर्षांपूर्वी आपल्या माळांवर गवतं गोळा करत हिंडलेला शास्त्रज्ञ. मी नगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि त्यानं बहिणीला लिहिलेली पत्रं वाचण्यासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली होती. ती पत्रं तिकडच्या एका दप्तरखान्यात होती. शाईचं पेन आत न्यायला बंदी, एका वेळी एकच पत्र हातात, आणि बोलायचं ते कुजबुजत. गडी टपालखर्च वाचवण्यासाठी कागद आडवा लिहून काढायचा आणि मग तोच फिरवून त्याच ओळींवर उभा लिहायचा. जाळीसारखं ते अक्षर पाहून पहिल्या आठवड्यात मला परतीचं जहाज दिसायला लागलं होतं. मग तुमचं भिंग काढलं. हळूहळू अक्षर लागलं, आणि माणूसही. तापात असला की त्याच्या ओळी उजवीकडे खाली घसरत. 'माझी प्रकृती उत्तम आहे' असं तो बहिणीला लिहायचा आणि ते वाक्यच उतारावर असायचं. असं काही सापडलं की मी खूश व्हायचे, टिपण करून ठेवायचे.

एकदा मात्र खोलीवर तुमचं पत्र वाचताना माझा हात थांबला. त्या साली पाऊस झालाच नव्हता. तुम्ही लिहायचात की सीनेत वाळूशिवाय काही नाही, अख्खं गाव खडी फोडायला जातंय, मुंबईला गेलेल्यांच्या मनीऑर्डरी वाटता वाटता सायकल नको होते. शेवटी ठरलेलं वाक्य, 'मी बरा हाय.' तुम्ही बोलता तसंच लिहायचात. ते वाक्य खाली घसरलं होतं, अण्णा. मी भिंग धरून पाहिलं, मागची पत्रं काढून शेजारी ठेवली. महिनाभर ओळी घसरतच होत्या आणि मी त्या साहेबाच्या तापाची टिपणं काढत बसले होते.

त्या दिवसापासून मन थाऱ्यावर राहिलं नाही. मी लिहिलं, खोकला आहे का, खरं सांगा, मी परत येते. परत येणं म्हणजे शिष्यवृत्ती सोडणं हे तुम्हाला ठाऊक होतं. पुन्हा कुणी मला पाठवणार नव्हतं. पत्र पोचून उत्तर यायला लागणारा काळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. समोर साहेबाची पत्रं, डोक्यात तुमचं. जेवण जाईना. घरमालकीणबाई म्हातारी, मायाळू, पण तिला वाटे मला तिच्या बटाट्यांचा कंटाळा आला आहे.

आणि एका सकाळी तिनं तुमचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्याचा कोपरा फाडलेला होता.

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे काय, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. मयताची बातमी कोपऱ्यावरून बाहेरच कळावी, म्हणजे माणूस एकदम हादरत नाही. असं कार्ड असलं की तुम्ही बाकीचं टपाल थैलीत ठेवून आधी त्या घरी जायचात. घरातल्या माणसाला पायरीवर बसवायचात, मग वाचून दाखवायचात, आणि वाचून झालं की तिथंच फाडून टाकायला लावायचात. असं पत्र उंबऱ्याच्या आत जात नाही. मी लहान असताना एका कार्डावरचं अक्षर सुंदर वाटलं म्हणून त्याचे तुकडे वेचून दप्तरात ठेवले होते, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडलात. तुकडे परसापलीकडे टाकायला लावलेत, डोक्यावरून अंघोळ करायला लावलीत. आईलासुद्धा तुमचा तो आवाज नवा होता.

ते पाकीट मला खोलीत नेता येईना. तशीच निघाले, दप्तरखान्यापर्यंत चालत गेले आणि बाहेरच्या दगडी पायरीवर बसले. बसवायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच बसले. थंडी मरणाची होती. किती तरी वेळ पाकीट नुसतं मांडीवर होतं. उघडलं, तर अक्षर तुमचंच. 'पोरी, खोकला हाय. डाक्टर म्हनतो नगरला जाऊन छातीचा फोटू काढा. पन तू यायचं न्हाई. त्या सायबाच्या बहिनीनं त्याची पत्रं जपून ठिवली, ती कुनीतरी शेवटपत्तूर वाचाय नकोत का?' मी त्या पायरीवर हसले आणि रडलेही. संध्याकाळी घरमालकीणबाईनं मोठ्या आनंदानं मला तिचा तिकिटांचा संग्रह दाखवला. आपल्याकडच्या तिकिटाचं चित्र आवडलं म्हणून तिनं ते कोपऱ्यासकट फाडून घेतलं होतं. मी तिला कोपऱ्याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा बिचारीचा चेहरा उतरला. तुम्हालाही ही गंमत, पाकीट हातात धरून फिरल्याची आणि पायरीवर एकटीच बसल्याची, लिहून कळवली. त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

तुमच्या सांगण्यावरून मी राहिले, पण मनात काळजी घेऊन राहिले. दप्तरखान्यातल्या शेवटच्या पेटीत काळ्या किनारीच्या कागदावरचं एक पत्र निघालं. साहेब गेल्याचं त्याच्या मित्रानं बहिणीला कळवलं होतं. म्हणजे त्यांच्याकडेही बाहेरून कळायची सोय होती. पण बहिणीनं ते फाडलं नव्हतं. बाकीच्या पत्रांबरोबर घडी घालून ठेवलं होतं. मला ते हातात धरवेना. बाहेर जाऊन हात धुऊन आले, तरी दिवसभर अंगावर काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

पुढं माझ्या धाकट्या भावाचं पत्र आलं. पाकीट चारी बाजूंनी धड, तिकीट जागच्या जागी. तुम्हाला लिहायला वेळ झाला नसेल, त्याच्याकडून लिहून घेतलं असेल, असं म्हणत मी एका हातात चहाचा कप धरून ते उघडलं. पहिली ओळ होती, 'ताई, आधी खाली बस.' मी बसले. त्याखाली त्यानं लिहिलं होतं की अण्णा गेले, आणि जाण्याआधी अण्णांनी बजावून सांगितलं होतं: 'तिच्या कागदाचा कोपरा फाडू नको. ती तो तसाच हातात धरून फिरंल. तिथं पायरीवर बसवाय कुनी न्हाई. पैल्या वळीतच तिला बसाय सांग.'

आयुष्यभर पाळलेली रीत तुम्ही माझ्यासाठी मोडलीत, अण्णा. फार बोलणारे तुम्ही कधीच नव्हतात. तुम्ही मला किती जीव लावला होता, ते मला त्या ओळीत कळलं आणि तेव्हा ते सांगायला तुम्ही नव्हतात.

त्या साहेबाची पत्रं मी शेवटपर्यंत वाचली. पुस्तक झालं, ते तुम्ही पाहिलं नाहीत. घरी परतले तेव्हा आईनं उंबऱ्यातच विचारलं, "तो कागद तिकडंच फाडलास न्हवं?" मी हो म्हणाले आणि आत आले. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. तेव्हापासून ते तुमच्या भिंगाच्या रुमालात आहे, आणि हे लिहिलेलंही आता तिथंच ठेवते. आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.