बेत चार रात्रींचा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्यावरच थांबते, उरलेला मनातल्या मनात.) तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि भाऊजींचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आई खडखडीत आहे. ऐकू येत नाही असं म्हणते आणि सगळं ऐकते. ऑपरेशननंतर हिची तब्येतही चांगली सुधारली. डॉक्टरांनी टाके सुबक घातलेत, पण धागा जरा जाड वापरलाय, असं मी त्यांना शिवणकामाच्या अनुभवावरून सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

तर पत्राला कारण हीच. दवाखान्यात चार दिवस पडल्या पडल्या हिनं एक गुळगुळीत कागदाचं मासिक वाचलं आणि निघताना ते (न विचारता) पिशवीत घालून घरी आणलं. त्यात परदेशातल्या एका बेटाचं चित्र आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यात खांब रोवून उभ्या केलेल्या खोल्या, आणि माणूस एकही नाही. माणसं दर वाचून परत गेली असावीत. त्या चित्रावर बोट ठेवून ही म्हणाली, मला इथं जायचंय. ताई, सव्वीस वर्षांत हिनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. लग्नानंतर फिरायला जायचं ठरलं होतं, तेवढ्यात शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आली आणि नवी नवरी दोनशे सदऱ्यांना काजं करत बसली. तेव्हापासून बसलीच आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून जे जे कबूल केलं, त्यातलं हे पहिलं समज. या वर्षी हिला समुद्र दाखवायचाच.

लोक बेत करतात, आम्ही टेलर बेततो. आधी हातात कापड किती ते बघायचं, मग त्यात कपडा बसवायचा. या हिशोबानं मी सहल कंपनीत गेलो. काचेच्या टेबलामागच्या मुलीनं मला अकरा वेळा सर म्हटलं आणि मग आकडा सांगितला. हा आकडा एका रात्रीचा. दिवसाचे किती, असं विचारलं तर म्हणाली दिवस त्यातच आला. मग मी सरळ सुचवलं की सगळे दिवस घेतो आणि रात्री दोनच घेतो. बाकीच्या रात्री आम्ही वाळूवर बसून काढू, गिऱ्हाइकांच्या घाईच्या दिवसांत जागायची सवय आहे. ती पाणी प्यायली. नाश्ता परातीत घालून पाण्यावर तरंगत येतो, त्याचे पैसे निराळे. टेबलावर आला तर फुकट. (म्हणजे पोळी भिजण्याचे पैसे!) शेवटच्या टप्प्याला एक छोटं विमान आहे, ते थेट पाण्यावर उतरतं. त्यात बसण्याआधी बॅगेबरोबर माणसाचंही वजन करतात. माझ्या धंद्यात बेतणं कापडावर असतं, जिवावर नाही, तेव्हा ते विमान मी कापलं आणि बोट लावली. सहा रात्रींच्या चार केल्या. त्यातली एक पाण्यावरच्या खोलीत, तीन मागच्या बागेतल्या. (तिथून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो म्हणे.) असं करत करत बरोबर दोन माणसांपुरतं बसलं. कॉलरपुरतीही चिंधी उरली नाही.

आता प्रश्न आईचा. तिला एकटी ठेवता येते का हे बघायला गेल्या रविवारी ट्रायल घेतली. आम्ही दोघं दोन तास बागेत जाऊन बसलो. आईला काम एकच, काही न करता बसायचं. तिनं दुकान उघडलं. जो येईल त्याला हाताला लागेल ते तयार गाठोडं दिलं. हेडमास्तरांची पँट बँकेच्या शिपायाला गेली आणि शिपायाची हेडमास्तरांना. शिपाई दुसऱ्या दिवशी खास येऊन म्हणाला, मास्तर, पहिल्यांदाच माप बरोबर बसलं. हेडमास्तर अजून आलेले नाहीत. त्यांना चालता येत नसावं. शिवाय एका बाईंचं माप तिनं नुसतं बघून घेतलं आणि कपडा मंगळवारी देते म्हणून सांगितलं. तेव्हा आईपाशी घरचं माणूस हवंच, यात शंका नाही.

असो. बेत मात्र मोडायचा नाही, एवढं नक्की. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. आता मुद्द्याचं. हिच्याबरोबर तू जा. दुसरी जागा तुझी. मी आईपाशी राहतो. तूही जन्मभर रांधण्यापलीकडे कुठे गेलीस? तुझ्या कोऱ्या पासपोर्टला अजून दोन वर्षं आहेत, भाच्याला विचारून घेतलंय. भाऊजी चार दिवस स्वतःचा चहा करतील. केला नाही तर खोकला तरी कमी होईल. हिला अजून बोललो नाही. सांगितलं तर ती जाणंच रद्द करेल. नाही म्हणू नकोस, ताई.

ता. क. वन्सं, नमस्कार. या घरात पाकिटं मी चिकटवते, हेच हे विसरले. तुमच्यावर राग नाही, पण आपण दोघी गेलो तर चार दिवस आईंबद्दलच बोलू आणि समुद्र राहील बाजूला. मला ह्यांच्याबरोबरच जायचंय. दवाखान्यात ते चित्र बघताना मला ह्यांचीच काळजी वाटत होती. माझं काही झालं तर हा माणूस सुईपलीकडचं काही न बघताच राहील. आईंचं कारण खरं आहे, पण अर्धंच. बाकीचं अर्धं विमान. ह्यांना गच्चीवरून खाली बघवत नाही. तेव्हा ह्यांना येते म्हणून कळवा, दोन तारखेला इकडे या आणि आईंपाशी राहा. तीन तारखेची तिकिटं मी काल काढली, माझं आणि ह्यांचं. पासपोर्टचं काम दुकानाच्या परवान्याचं म्हणून सांगितलं होतं, ह्यांनी ऑफिसात जाऊन फोटो-ठसे दिले आणि न वाचता सह्या केल्या. तुमची म्हणून जी बॅग दिसेल तिच्यात ह्यांचे कपडे आहेत. आपल्याला सोडायला हे विमानतळावर येतीलच, आईही येतील (त्यांना सगळं माहीत आहे). जाताना टॅक्सीत आपण चौघं असू, येताना तुम्ही आणि आई दोघीच. तोवर तेवढं हसू आवरा.