यादीतला एकेचाळिसावा नग

सिमेंटच्या फरशीवर लोखंडी पायांचं बाक सरकलं की जो आवाज होतो, तो मला अजून ऐकू येतो. चौथीच्या वर्गात बाई "उभे राहा" म्हणाल्या की तीस मुलं एकदम उठायची आणि पंधरा बाकं एकाच सुरात किंचाळायची. मग कविता. होडीच्या कवितेचं पहिलं कडवं मी छातीठोक म्हणायचो आणि दुसऱ्याच्या तोंडाशी येऊन अडायचो. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुजबूज यायची, दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द, आणि होडी पुढे निघायची. ती कुजबुजणारी मुलगी पुढे माझी बायको झाली. मृत्युपत्रात हे आधी लिहायची रीत नाही, पण बाकीचं सगळं तिथूनच निघालेलं आहे.

आता रीतसर. मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने सुतार, शाळांची बाकं, फळे आणि टेबलं दुरुस्त करण्यात अडतीस वर्षं घालवलेला, ओळखीच्यांत 'बाकवाले' म्हणून परिचित, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाने अथवा भुलावणीने नव्हे तर आपखुशीने पुढील व्यवस्था लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कवितेचं दुसरं कडवं आठवत नाही हे खरं, पण ते चौथीपासूनचं दुखणं आहे. त्याचा दोष म्हातारपणाला देऊ नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही होतं, तेव्हा दोघं होतो.

कलम एक, राहतं घर. दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि उताराच्या गल्लीकडे उघडणारी खिडकी माझ्या मालकीची असून ती मुलाला व नातीला समान वाट्याने मिळावी. इथे येऊन राहण्याची कल्पना माझी नव्हती, हिची होती. रंगाच्या दुकानातून मिळालेल्या एका कॅलेंडरावर अशीच उतरती गल्ली होती, निळी दारं, आणि तळाशी रेघेएवढा समुद्र. ते वर्ष संपलं तरी कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं टांगलेलं होतं. मी कामातून मोकळा झालो त्या दिवशी ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "आता तिकडे जाऊ." मला वाटलं, बाजारात. मुलगा म्हणाला, "बाबा, निवृत्त झाल्यावर माणसं घरी येतात. तुम्ही घर सोडून निघालात." त्याचं चुकलं असं आता म्हणवत नाही.

कलम दोन, बँकेतली शिल्लक. माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता जे उरेल ते मुलाचं. फार उरणार नाही, त्यावरून त्याने मनाला लावून घेऊ नये.

कलम तीन, घरातलं सामान. इथे थोडं समजावून सांगणं भाग आहे. निवृत्त होऊन या देशात कायमचा राहायला येणारा माणूस आपलं घरगुती सामान शुल्क न भरता आणू शकतो. अटी अशा की सामान वर्षभर तरी वापरातलं असावं, त्याची नगवार यादी असावी, आणि आल्यापासून दोन वर्षं त्यातलं काहीही विकू नये, कोणाला देऊ नये, उसनंही देऊ नये. अजून तीन महिने बाकी आहेत. तोवर जिवंतपणी मला या घरातली एक बशीसुद्धा कोणाला देता येत नाही. मेल्यावर मृत्युपत्राने कोणाकडेही गेली तर चालते, असं वकील म्हणतात. म्हणजे काही द्यायचं तर आधी जायला हवं. हा कायदा करणारा माणूस एकटा राहत नसावा.

यादी आम्ही दोघांनी मिळून केली. ही सांगायची आणि मी लिहायचो, सलग तीन संध्याकाळी. त्रेसष्ट नग झाले. मी म्हणायचो, नुसतं 'कपाट, लाकडी, एक' पुरे. ही म्हणायची, "त्यांना कसं कळणार कुठलं ते? लिहा, याचं दार उन्हाळ्यात अडतं." मी लिहिलं. अर्जात आम्हा दोघांची नावं होती. सामान बांधून झालं, जुन्या घराचा विक्रीचा कागद झाला, आणि जहाजाच्या पाच आठवडे आधी ही गेली. मी खोक्यांच्या मधोमध बसून होतो. मुलगा म्हणाला, रद्द करू. मला ते कॅलेंडर दिसत होतं. मी निघालो.

कलम चार. हिचं शिवणाचं मशीन नातीला द्यावं. तेल दर महिन्याला घातलेलं आहे. हिचं कपाट, ज्याचं दार उन्हाळ्यात अडतं, तेही नातीला. दार रंधून घेऊ नये. हिवाळ्यात ते आपोआप सुटतं. तेवढा धीर धरावा.

कलम पाच. हिरव्या काठाच्या सहा कपबशा आणि माझी सगळी हत्यारं, म्हणजे करवती दोन, पटाश्या चार, हातोडी, गुण्या आणि पेटी, खालच्या मजल्यावर कुलपांचं दुकान चालवणाऱ्या बाईला मिळावीत. मी तिला कुलपवाली म्हणतो, ती मला आजोबा म्हणते. पहिल्याच दिवशी माझ्या दाराची किल्ली आत तुटली, तिने पाच मिनिटांत दार उघडलं आणि म्हणाली, आता मला तुमच्या घरात कधीही येता येईल, तेव्हा चहा करून ठेवत जा. दर रविवारी येते. ते कप तिला फार आवडतात. मी तिला दोन वर्षांची अट सांगितली, म्हटलं, मेल्याशिवाय देता येत नाहीत. ती म्हणाली, "मग घाई करू नका, आजोबा. मी कागदाच्या कपातून पिते."

कलम सहा. माझा मोठा रंधा मेव्हण्याने तीस वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला. तो त्याच्याकडेच राहावा. आता मी मागत नाही. त्याने तो आणून देण्याचा आव मात्र माझ्या मृतदेहासमोर आणू नये.

कलम सात, बाक. हे माझ्या ताब्यात नाही, तरी माझं आहे. आमची शाळा बंद पडली तेव्हा मोडीत निघालेल्या सामानातून मी एक बाक निवडून आणलं, तिसऱ्या ओळीतलं, ज्याच्यावर बसून ही मला कुजबूज करायची ते. त्याचे पाय सरळ केले, फळीला पॉलिश केलं, आणि स्वयंपाकघरात टेबलाला लावलं. पस्तीस वर्षं आम्ही त्यावर बसून जेवलो. मुलाने गणितं त्यावर केली, रुसून त्याच्याखाली झोपलाही. ते बाक बंदराच्या गोदामात पडून आहे. का, ते पुढच्या कलमात येतं. कधी सुटलंच तर मुलाला द्यावं. तो त्याला भंगार म्हणतो. म्हणू दे, पण त्यावर बसून जेवावं. आणि मुला, तू ते तुझ्या देशात परत नेशील तेव्हा यादीत 'जेवणाचं बाक' असं लिही. 'शाळेचं' हा शब्द चुकूनही लिहू नकोस.

कलम आठ. सीमाशुल्क कचेरीत खिडकी क्रमांक चारवर बसणाऱ्या कारकुनाला माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळू नये. एक खिळाही नाही.

कारण लिहून ठेवतो. मी यादी घेऊन त्याच्या खिडकीशी उभा राहिलो. बारीक मानेचा, खिशाला दोन पेनं, पुढ्यात स्टीलची पट्टी. त्याने अर्ज पाहिला आणि विचारलं, "दुसऱ्या अर्जदार कुठे आहेत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मागे आहे."

त्याने मान उंच करून माझ्या मागे पाहिलं. तिथे एक पंखा होता. मग मी पिशवीतून दाखला काढून दिला. त्याने तो वाचला, पट्टी ठेवली आणि तांबड्या शाईने हिच्या नावावर सरळ रेघ मारली. माणूस नसेल तर नाव खोडावं लागतं, हे मला कळतं. पण निदान हाताने खोडायचं. पट्टी कशाला?

पुढे म्हणाला, अशी यादी चालत नाही. नगाचं नाव, कशाचा, किती, एवढंच लिहा. दार कधी अडतं ते नको. मी तिथेच बाकड्यावर बसून दुसरी यादी केली. सांगायला मागे कोणी नव्हतं, म्हणून खरं ते लिहीत गेलो. एकेचाळिसाव्या नगाला लिहिलं, 'बाक, लाकडी, लोखंडी पाय, शाळेचे, एक.' त्याने बोट ठेवलं. शाळेचं सामान हे घरगुती नव्हे, त्याला सवलत नाही, ते अडवून ठेवावं लागेल. मी सांगितलं, आम्ही त्यावर जेवायचो. तो म्हणाला, "यादीत तसं नाही, आजोबा. मी यादी बघतो." आणि पहिली यादी, हिने सांगितलेली, त्याने टेबलाखाली सारली. खाली केराची टोपली असते.

मी नऊ अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. बाक गेलं तर गेलं, पण ती यादी हिचं शेवटचं बोलणं होतं. तिची नक्कल मी ठेवली नाही. त्रेसष्ट वाक्यांपैकी आठ-दहा आठवतात, पुढची नाहीत.

कलम नऊ, अंत्यविधी. भाषणं नकोत. नातीने होडीची कविता म्हणावी. ती अडली तर हसू नये. तिच्या मागे मात्र कोणीतरी उभं राहावं.

कलम दहा, साक्षीदार. वकिलांनी बजावलं आहे की मी सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. जुन्या गावात मी फाटकाशी उभा राहून दोन हाका मारल्या असत्या. इथे मला ओळखणारी माणसं दोन. एक, दर गुरुवारी रक्तदाब बघायला येणाऱ्या नर्सबाई. त्यांना सरकारी नोकरीमुळे काही घेता येत नाही, म्हणून त्या चालतात. दुसरी कुलपवाली, आणि तिला मी कपबशा दिलेल्या आहेत. तीन आठवडे दुसरा माणूस शोधतो आहे. पाववाल्याला विचारलं, तो म्हणाला, तुमचं नाव काय? नावही माहीत नाही त्याने माझी साक्ष कशी द्यायची? कुलपवालीला हे कळलं तेव्हा म्हणाली, "माझं नाव खोडा आणि सही घ्या. कपबशांचं काय एवढं?"

आज गुरुवार आहे. नर्सबाई हिच्या खुर्चीवर बसून घड्याळ बघत आहेत. त्यांना अजून दोन घरं करायची आहेत. दुसरा साक्षीदार नाही, म्हणून कलम पाच खोडून कुलपवालीला वर बोलवायचं, असं ठरलं आहे. रेघ वाकडी येऊ नये म्हणून पट्टी घेतली. पट्टी ठेवली आणि कळलं की मीही तेच करतो आहे. या गावात माझ्याकडून कोणाला काही मिळणार असेल तर एवढंच होतं.

इथवर लिहिलं आणि जिन्यात आवाज झाला. दगडी पायऱ्यांवर लोखंड घासल्याचा. नर्सबाई म्हणाल्या, कोणीतरी काहीतरी ओढत आणतंय. मला सांगायची गरज नव्हती. मी आपसूक उठून उभा राहिलो.

नर्सबाईंनी दार उघडलं. दारात खिडकी क्रमांक चारचा कारकून, घामाघूम, बाकाचं एक टोक हातात. दुसरं टोक खाली वळणावर, कुलपवालीच्या हातात. तो धापा टाकत म्हणाला, "आजोबा, तुमची पहिली यादी मी टाकली नव्हती. माझ्या खणात होती. जुने साहेब हात लावत नव्हते. परवा नवे आले, त्यांच्यापुढे ठेवली." त्याने खिशातून घडी काढून मला दिली. अक्षर माझं, बोलणं हिचं. एकेचाळिसावा नग: 'बाक एक. आम्ही यावर बसून जेवतो. मुलगा यावरच जेवून मोठा झाला. डावी बाजू माझी.' खाली नव्या साहेबांनी लिहिलं होतं, घरगुती सामान, सोडावे.

तो अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. म्हणाला, "आजींची डावी बाजू कुठे येऊ द्यायची? भिंतीकडे की खिडकीकडे?"

मी पट्टी बाजूला ठेवली आहे. कलम पाच खोडलेलं नाही. कलम सातमध्ये 'माझ्या ताब्यात नाही' असं आहे, ते आता लागू नाही. कलम आठ मात्र जसंच्या तसं ठेवीत आहे. माझ्याकडून त्याला एक खिळाही मिळायचा नाही. त्यामुळे त्याची सही चालते.

ठिकाण: उताराच्या गल्लीतलं घर, दुसरा मजला, खिडकीजवळ.
दिनांक: गुरुवार, सामान उतरल्याला एक वर्ष नऊ महिने.

लिहून ठेवणार: बाकवाले
साक्षीदार पहिल्या: नर्सबाई
साक्षीदार दुसरे: कारकून, खिडकी क्रमांक चार. आत या म्हटलं आहे. बाक आधी येऊ दे, म्हणतात.