तारेपलीकडचं हिरवं

१० ऑगस्ट
वैशाली, आधी तारीख घाल. मागच्या खेपेला विसरलीस. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी सून माझ्याच वाट्याला आली, तेव्हा सांगावं लागतं. मी इथे परदेशात लेकीकडे बसून फोनात बोलते, तू कराडात बसून उतरवून ठेव. माझं मला आहे हे. कुणाला वाचून दाखवू नकोस. दाखवशीलच.

आज नंदाने शेडचं दार उघडलं. जावई, शॉन, वारल्यापासून पहिल्यांदा. शॉनचे बूट तसेच, आत कोळ्याचं जाळं. कोपऱ्यात बियाण्याची पोती, त्यानेच आणून ठेवलेली. मोहरीच्या जातीचं, रुंद पानांचं. सातू कापला की त्या रानात पेरायचं, हिवाळ्यात गाईंनी रानातच चरायचं. जमीन झाकलेली राहते, पावसात माती वाहून जात नाही. शॉन म्हणायचा, हिवाळ्यात रान उघडं टाकलं की मला झोप लागत नाही.
नंदा पोत्यावर हात ठेवून उभी. "आई, हे पेरलं तर खायला गुरं ठेवावी लागतील."
"आणि नाही पेरलं तर?"
दार उघडंच ठेवून घरात गेली.

१२ ऑगस्ट
डोनल आला होता. शॉनचा थोरला भाऊ, शेजारच्याच रानात राहतो. माझ्याशी ओरडून इंग्रजी बोलतो, आवाज वाढवला की मला कळेल म्हणून. कशालाही "ग्रँड" म्हणतो, म्हणजे झकास. भावाच्या मयतालासुद्धा सगळ्यांना तेच सांगत होता, नि डोळे पुसत होता. मनाचा चांगला. सातू त्यानेच कापून दिला.
त्याचं म्हणणं, नंदाने गुरं विकावी, रान खंडाने द्यावं, कॉर्कला औषधांच्या कारखान्याजवळ घर घ्यावं. नोकरी तिथेच आहे, रोजची ये-जा वाचेल. चूक नाही त्याचं. एकटी बाई, नोकरी, वर गुरं...
नंदा म्हणाली, थंडीच्या तोंडाशी सांगते.

१५ ऑगस्ट
पेरलं. ट्रॅक्टर डोनलनेच चालवला, तोंड वाकडं करून. मी बांधावर खुर्ची टाकून साहेबासारखी. नारळ कुणी फोडला नाही, मी मनात फोडला.

२ सप्टेंबर
पोळा. इथे बैल एकच, आणि त्याच्या जवळ जायची सोय नाही. लांबूनच हात जोडले. त्याने बघितलंही नाही.
रान हिरवं झालंय. नंदा कामावरून आली की कोट न काढता आधी तिकडे जाते, उभी राहते, परत येते. अजून रडलेली नाही. मयताला नाही, नंतर नाही. मला त्याचीच भीती वाटते.
कोवळ्या पानांची भाजी केली, लसूण-मिरची घालून. "आई, हे गाईंचं आहे," म्हणाली. दोनदा वाढून घेतली.

१९ ऑक्टोबर
पाला मांडीला लागतोय. नंदाने रानात विजेची तार ओढली. शॉनची रीत अशी : गाईंनी आधी वाळल्या गवताचा गठ्ठा पोटभर खायचा, मग तार जराशी पुढे सरकवायची, तेवढाच पाला त्या दिवसाचा.
मी म्हटलं, "अन्न समोर नि मध्ये तार. हा कुठला पाहुणचार?"
"शॉन असंच करायचा." विषय संपला. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, सासू असले तरी.

२८ ऑक्टोबर, वसुबारस
सांगायला नको वाटतंय. लिही.
सकाळी नंदाला उशीर झाला. गठ्ठा संध्याकाळी टाकते म्हणून गेली. मला उपास. इथे चहाच्या वेळेलाच अंधारतं, म्हणून दुपारीच ताट घेऊन गेले. शॉनची लाडकी तांबडी गाय, तिचं वासरू. हळदकुंकू लावू दिलं शहाणीने. पण नजर तारेपलीकडे. उपाशी. आजच्या दिवशी गाय उपाशी ठेवतात का गं? तारेच्या टोकाची प्लास्टिकची मूठ धरून वाट कशी करतात ते मी बघितलं होतं. काढली मूठ. सगळ्या आत. मला बरं वाटलं. आरती म्हटली.
नंदाची गाडी आली तेव्हा तांबडी आडवी होती. डावी कूस फुगून ढोल. जीभ बाहेर. डोनल धावला, जनावरांची डॉक्टरीण आली, घशातून नळी घातली. म्हणाली, रिकाम्या पोटी हिरवा पाला खाल्ला की पोटात हवा कोंडते. नंदा चिखलात बसून गाईचं डोकं धरून होती. शॉन बोलायचा तसं हळू काहीतरी बोलत. हवा सुटली, गाईने मान हलवली, आणि नंदा रडली. इतके महिने मी वाट बघितली. माझ्या गळ्यात नाही पडली, गाईच्या पडली.
मग मला एवढंच, "आई, विचारायचं तरी होतंस."
दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर
तांबडी उभी आहे. रवंथ करते. पावसाने कुंकू नाकापर्यंत ओघळलंय.
डोनल म्हणाला, बघ, एकटीला झेपायचं नाही. शनिवारी गुरांना गिऱ्हाईक आणतो.
नंदा म्हणाली, "आण."
मी डोनलला थांबवलं. नंदालाच इंग्रजीत सांगायला लावलं : चूक माझी, नंदाची नाही, शॉनच्या रीतीची तर नाहीच. डोनलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ग्रँड, ग्रँड." पहिल्यांदाच हळू बोलला. पण गिऱ्हाईक येणारच.

१ नोव्हेंबर
सकाळी नंदाने गठ्ठा टाकला. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत पावसात उभी. मग तार उपसली, एक खुंटी माझ्या हातात दिली. "धर. इथे रोव. पुढे नको." रोवली.
विचारलं, उद्या त्या माणसाला काय सांगणार?
"बघू." रानाकडे बघत होती. अजून बराच पाला उभा आहे. परत येताना म्हणाली, "आई, वसुबारसेची बाजरीची भाकरी राहिलीच या वर्षी."
तर वैशाली, पुण्याहून कुणी इकडे येत असेल तर बाजरी पाठव. पीठ नको, कडू होतं. अख्खी पाठव, लागेल तशी दळू. सोबत वाळवलेली गवार. आणि हात आखडू नकोस. थंडी सरेपर्यंत पुरेल एवढी पाठव.