वारसांसाठी तीन खोल्या आणि एक गॅलरी

४ मार्च, सकाळी ७
संकल्प. या महिन्यात मृत्युपत्र करायचंच. छापखान्याचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळलं, शाईची बाटली इकडची तिकडे झाली नाही. मग स्वतःची इस्टेट वाऱ्यावर सोडू? माझ्यामागे मुलांची भांडणं नकोत. शिवाय इस्टेट कोणाला जाणार हे गुलदस्त्यात असेपर्यंत घरात मान राहतो. हिला काही सांगायचं नाही. हिला कायद्यातलं काय कळतंय!

६ मार्च
यादी केली. घर (तीन खोल्या, गॅलरी). लोखंडी कपाट. कॅमेरा. टपाल तिकिटांच्या दोन वह्या. एका कंपनीचे शेअर. कंपनी बंद पडली आहे, पण सर्टिफिकेटचा कागद फार उंची. असा कागद आता मिळत नाही.

८ मार्च
मुलाला फोन. सहज विचारलं, कपाट तुला ठेवू का? तो म्हणाला, बाबा, प्लीज नको, लिफ्टमध्ये मावणार नाही. मुलीला विचारलं. ती म्हणाली, दादालाच द्या. किती मोठं मन! लहानपणी एका पेन्सिलीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायची.

१० मार्च, रविवार
जावयांना तिकिटांच्या वह्या दाखवल्या. चौथ्या पानावर त्यांना अर्जंट मीटिंग आठवली. रविवारीसुद्धा! कष्टाळू माणूस.
सुनेला कॅमेरा देऊ केला. ती म्हणाली, फोनमध्ये असतो. संकोच करते बिचारी.

१३ मार्च
मान अजून वाढलेला नाही. जेवताना दोनदा मोठ्याने म्हणालो की घर कोणाच्या नावावर करावं, मोठाच प्रश्न आहे. ही म्हणाली, आणखी वाढू का? मग हिने मला गॅलरीतल्या कुंड्या हलवायला लावल्या. सगळ्या. आणि मग परत पहिल्या जागी.

१७ मार्च
शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही हवी. त्यांनी विचारलं, काही होतंय का? लगेच बीपी बघितलं. जरा जास्त निघालं. सही राहिली, मीठ बंद झालं.

२१ मार्च
वकीलबाईंकडे. मसुदा मीच केला होता, नऊ पानं, भाषा भारदस्त. त्यांनी आधी घराचे कागद मागितले. हिच्या ड्रॉवरमधून आणलेच होते. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. म्हणाल्या, घर तुमच्या मिसेसच्या नावावर आहे. कर्जही त्यांच्याच पगारावर काढलेलं, तुमची फक्त साक्षीदार म्हणून सही आहे.
मी विचारलं, गॅलरीसुद्धा?
गॅलरीसुद्धा.

२२ मार्च
हरकत नाही. मार्गदर्शन कोणीतरी करायलाच हवं. हिला शांतपणे म्हणालो, तू मृत्युपत्र कर, किचकट भाग मी समजावून देईन. ही म्हणाली, झालंय की. सहा वर्षांपूर्वी. रजिस्टर करून ठेवलंय, मुलांना माहीत आहे.
वाचायला दिलं. दोनच पानं. घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. दागिने मुलीला आणि सुनेला. शेवटच्या ओळीत मी. 'यांना दोघांनी सहा सहा महिने सांभाळावे.'
यादीत मी शिलाई मशीनच्या खाली आहे.

२४ मार्च, रविवार
मुलं आली होती. मीच विषय काढला, पहिले सहा महिने कोणाकडे? मुलगा बहिणीला म्हणाला, आधी तू. ती म्हणाली, छे, मान थोरल्याचा. तो म्हणाला, तुझ्याकडे खोली मोठी आहे. ती म्हणाली, तुझ्याकडे माणसं जास्त आहेत. अर्धा तास चाललं. शेवटी ही स्वयंपाकघरातून ओरडली, मी इतक्यात कुठेही जात नाही, गप्प बसा सगळे.
दोघांनी एकदम 'हुश्श' केलं.
मीही केलं.